एकतिसाव्या पानावरचा त्रिकोण

ती घटना मी विसरलेलो नाही. माझ्या नोकरीत खून झाले, दरोडे झाले, त्यांतल्या पुष्कळांचे तपशील आता पुसट झाले आहेत. हे प्रकरण मात्र एका अपघाताचे होते आणि त्याचा तपास केव्हाच पूर्ण झाला होता. दोषारोपपत्र न्यायालयात गेले होते. माझ्या लेखी काम संपले होते. खरे काम त्यानंतर सुरू झाले.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. मी नाशिकमधल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. ओझरच्या रस्त्यावरच्या एका फाट्यावर सकाळच्या वेळी एका जीपने एका मजुराला उडवले होते. मजूर सुरगाण्याकडचा. द्राक्षबागेच्या कामासाठी बायकोसह आलेला. तो जागीच गेला. जीप एका वजनदार बागाईतदाराची होती. दुपारी त्यांचा पगारी ड्रायव्हर स्वतःहून हजर झाला आणि गाडी मीच चालवत होतो म्हणाला. असे ड्रायव्हर मी आधीही पाहिले होते. ते जबाब फार सफाईने देतात.

गाडी मालकाचा मुलगा चालवत होता, हे सांगणारा साक्षीदार एकच होता. ओझरच्या विमान कारखान्यातला फिटर, वय तिशीच्या आसपास, अविवाहित. नाशिकला खोली घेऊन राहणारा, मूळचा सिन्नर तालुक्यातला. फाट्यावर कंपनीच्या बसची वाट पाहत उभा होता. त्याने दिलेला जबाब मला आजही आठवतो. अंदाजे, बहुतेक, असावा, असे शब्द त्याच्या बोलण्यात नव्हते. त्याच्या जबाबावर मालकाच्या मुलाला अटक झाली आणि जामीनही मिळाला. सगळा खटला त्या एका माणसावर उभा होता.

सुनावणीची तारीख लागली, तेव्हा आमचा हवालदार समन्स बजावायला गेला. मुरलेला माणूस. परत आला आणि टोपी काढून टेबलावर ठेवली.

"साहेब, आपला फिटर गेला."

कुठे गेला, असे मी विचारले. कुठे नाही, खोलीतच आहे, पण हातातून गेला, असे त्याचे म्हणणे. साक्षीदाराने समन्स घेतले. मला नीट दिसले नव्हते असे लिहून घेता येईल का, असे त्याने दारातच विचारले होते.

साक्षीदार फितूर होणे आम्हाला नवे नाही. त्याची कारणे ठरलेली असतात आणि प्रत्येक कारणाचा चेहरा वेगळा असतो. पैसा घेतलेला साक्षीदार आपल्याशी जास्त आदराने बोलतो. मार खाल्लेला खाली बघतो. नात्यागोत्याचे दडपण असलेला भांडतो. मी या फिटरला ठाण्यात बोलावून घेतले, चहा दिला, समोर बसवले. यांतला एकही चेहरा त्याचा नव्हता. त्याने दोनच गोष्टी विचारल्या. कोर्टात पत्रकार असतात का, आणि वकील आपल्याला काहीही विचारू शकतो का. हो म्हटल्यावर त्याने चहाचा कप तसाच सरकवला.

"मग लिहून घ्या साहेब. सूर्य डोळ्यांवर होता."

फाट्यावर तो पश्चिमेकडे तोंड करून उभा होता. वेळ सकाळची. सूर्य त्याच्या पाठीमागे होता, हे त्यालाही ठाऊक होते आणि मलाही.

बाहेर व्हरांड्यात मयताची बायको बसलेली असे. बागेतली मजुरी बुडवून ती ठाण्यात यायची. काही मागायची नाही. मी आत जाताना एकच प्रश्न विचारायची. "साहेब, तो मानूस येल ना कोर्टात?" मी येईल म्हणायचो. त्या दिवसांत मागच्या दाराने आत जाण्याचा विचार माझ्या मनात एकदा येऊन गेला.

खबर आणली ती हवालदारानेच. आरोपीचा मामा या प्रकरणात धावपळ करत होता. फाट्याजवळच्या चहाच्या टपरीवर तो वरचेवर एका माणसाबरोबर बसलेला दिसे. तो माणूस आमच्या भागातल्या एका फिरत्या वाचनालयाचा. सायकलला दोन पिशव्या लावून घरोघरी पुस्तके पोचवायचा, जुनी न्यायचा. सगळे त्याला पुस्तकवालाच म्हणत.

"साहेब, तो मामा दहावीत तीनदा बसला," हवालदार म्हणाला. "लग्नपत्रिकासुद्धा दुसऱ्याकडून वाचून घेतो. त्याला एकदम वाचनाचा नाद कुठून लागला?"

वाचनालय मला ऐकून माहीत होते. माझी पत्नी तिथली जुनी सभासद. संध्याकाळी साध्या कपड्यांत मी तिथे गेलो. एका सोसायटीच्या तळमजल्यावर दोन खोल्या, छतापर्यंत फळ्या. चालवणाऱ्या बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, साठी ओलांडलेल्या. त्यांनी मला ओळखले.

"तुमच्या मिसेस सत्तावीसवर गोल करतात," त्या म्हणाल्या.

मला काही कळले नाही. त्यांनी फळीवरची एक जाड कादंबरी काढली आणि सत्ताविसावे पान उघडले. पानाच्या आकड्याभोवती पेन्सिलीचा बारीक गोल होता. मग त्यांनी पुढची-मागची पाने दाखवली. कुठे फुली, कुठे दोन टिंबे, कुठे छोटे स्वस्तिक. वाचनालयाच्या पुस्तकांना सारखी कव्हरे, नावेही सारखी वाटणारी. तेच पुस्तक पुन्हा घरी येऊ नये म्हणून वाचक आपापले पान ठरवतात आणि त्यावर आपली खूण करतात. माझ्या घरात हे कित्येक वर्षे चालले होते आणि मला पत्ता नव्हता.

मी फिटरबद्दल विचारले. सभासद आहे, म्हणाल्या. काय वाचतो, असे विचारल्यावर त्यांनी पुस्तक मिटले.

"ते मी कोणाचंच सांगत नाही, साहेब. नवऱ्याला बायकोचंही नाही. तुम्हाला गोल दाखवला, तेवढी चूक झाली."

मी माझी अडचण सांगितली. अपघात, मयताची बायको, तारीख. नावे टाळून सगळे सांगितले. त्यांनी उठून आतल्या खोलीतले कपाट उघडले. खालच्या खणात खाकी कागदाच्या कव्हरातली इंग्रजी पुस्तके होती. कव्हरांवर नाव नव्हते. पुरुषांवर प्रेम करणाऱ्या पुरुषांबद्दलची ती पुस्तके होती. त्या काळात हा विषय आमच्या ठाण्यात शिव्यांपुरताच निघे.

ही पुस्तके कुठून आली, हेही त्यांनी सांगितले. देवळाली कॅम्पातून बदली होऊन जाणारी लष्करी कुटुंबे पुस्तके वजनावर विकून टाकत. बाई ती गठ्ठ्याने घेत. एका गठ्ठ्यात परदेशी सैन्यातल्या अशा जवानांविषयीच्या नियमांचे पुस्तक निघाले. ते एका वाचकाने नेले आणि परत करताना, अजून आहेत का, असे विचारले. तेवढे विचारायला त्याला बराच काळ लागला होता. मग बाई मुंबईच्या फुटपाथवरून शोधून आणू लागल्या. त्यांत दोन-तीन कादंबऱ्या होत्या, एक इतिहास होता, आणि कोणत्याही पंचनाम्यात आम्ही अश्लील लिहिले असते अशीही काही होती.

तुम्ही ही ठेवता कशी, असे मी विचारले. माझा आवाज तेव्हा पोलिसाचा झाला असावा.

"आलेलं पुस्तक मी आधी वाचते, मग ठरवते," बाई म्हणाल्या. "यातली काही घाण आहेत, काही चांगली आहेत. त्या बाहेरच्या मराठी फळीवरही तसंच आहे. तिकडे कधी कोणी धाड घातली नाही."

या खणातल्या पुस्तकांची नोंद त्या ठेवत नव्हत्या. कोणी काय नेले ते त्यांच्या डोक्यात. त्यामुळे आपले वाचक सुरक्षित आहेत, अशी त्यांची समजूत होती. सैन्याच्या नियमांचे पुस्तक त्यांनी माझ्या हातात दिले. त्यातले एक पान कोणीतरी फाडले होते, त्याचा त्यांना राग होता. वाचनालयात पुस्तक फाडणारा माणूस त्यांना खुन्याइतकाच वाईट वाटत असावा. मी आकडे पाहिले. तिसानंतर एकदम तेहेतीस होते.

मी इतर खाकी पुस्तके चाळली. एकतिसाव्या पानावर आकड्याच्या डोक्यावर पेन्सिलीचा लहान त्रिकोण. मग मी बाहेरच्या फळीवरच्या मराठी रहस्यकथा काढल्या. काहींच्या एकतिसाव्या पानावर तोच त्रिकोण होता. बाईही ते पाहत होत्या. त्या खुर्चीवर बसल्या. त्यांनी सगळी नोंद टाळली होती, आणि वाचकाने सवयीने स्वतःची सही करून ठेवली होती. घाण म्हणवले जाणारे पुस्तक चोरून नेणारा माणूसही ते दुसऱ्यांदा येऊ नये म्हणून खूण करतो. सवय अशीच असते.

त्रिकोण कोणाचा, हे मी त्यांना विचारले नाही. ते मला दुसऱ्या माणसाकडून हवे होते.

पुस्तकवाल्याला ठाण्यात आणले. बाकावर बसवून ठेवले आणि काही विचारले नाही. चौकशीत प्रश्नापेक्षा बाक जास्त काम करतो. माणूस कशासाठी आणले असेल याचा विचार करत बसतो आणि अर्धे उत्तर स्वतःच तयार करतो. मग मी त्याला माझ्या खोलीत घेतले. टेबलावर बाहेरच्या फळीवरची पुस्तके रचून ठेवली होती. साधी, मराठी. मी म्हणालो, पत्नी सांगते तुम्ही खूण बघून घर ओळखता, मला खरे वाटत नाही.

तो खुलला. एकेक पुस्तक उचलून सांगू लागला. ही फुली डॉक्टरांच्या आईची. ही दोन टिंबे बँकेतल्या वहिनींची, त्या शेवटचे पान आधी वाचतात. हे स्वस्तिक भटजींचे, आणि भटजी काय काय वाचतात ते विचारू नका साहेब. हवालदार दारात उभा राहून हसत होता. मग त्रिकोण आला. पुस्तकवाल्याच्या तोंडून फिटरचे नाव निघाले आणि त्याचा हात पुस्तकावर तसाच राहिला. पुढचे पुस्तक त्याने उचलले नाही. हवालदारही हसायचा थांबला.

त्यानंतर फार वेळ लागला नाही. मामाने त्याला विचारले होते, हा फिटर पितो का, खेळतो का, कुणाकडे जातो का. पुस्तकवाल्याने सांगितले, तसले काही नाही, फक्त वाचतो. काय वाचतो, मामाने विचारले. खाकी कव्हरे पुस्तकवालाच घालत असे. इंग्रजी येत नसले तरी आतली चित्रे त्याने पाहिली होती. त्याच्या मेहुण्याला कुठेतरी शिपाई म्हणून चिकटवण्याचा शब्द मामाने दिला. पुस्तकवाल्याने एक पुस्तक बाहेर काढून दिले आणि फिटरची खूण दाखवली. मामाने खूण असलेले पान फाडले, कोऱ्या पाकिटात घातले आणि फिटरच्या दाराखालून सरकवले. सोबत चिठ्ठी नव्हती. तिची गरजही नव्हती.

आता मला सगळे माहीत झाले होते आणि माझी काळजी वाढली होती. साक्षीदाराला धमकावल्याबद्दल मामावर कारवाई करायची तर साक्षीदाराची तक्रार हवी. तक्रारीत धमकी कशाची ते लिहावे लागणार. ते कागदावर आले की आरोपीच्या वकिलाच्या हातात जाणार. त्या वेळी भारतीय दंड विधानात अशा संबंधांना गुन्हा ठरवणारे कलम होते. पुस्तक वाचणे त्या कलमात बसत नव्हते, पण उलटतपासणीत एवढा फरक कोण समजावत बसणार? शिवाय फिटरच्या कारखान्यात कामगारांची चारित्र्य पडताळणी होई आणि ती आमच्याच खात्याकडून जाई. तो मला सांगायला का घाबरला, हे मला तेव्हा समजले. त्याच्या दृष्टीने मामा आणि मी यांत फार अंतर नव्हते.

मी त्याला वाचनालयात भेटलो. बाईंनी आतली खोली मोकळी करून दिली. कपाट बंद होते. त्याने मला पाहिले आणि दाराकडे पाहिले. मी म्हणालो, "मी तुम्हाला काही विचारणार नाही. तुम्ही मला काही सांगू नका."

तो हसला. हसण्यासारखे मी काही बोललो नव्हतो. मग त्याने खिशातून घडी घातलेले पान काढून टेबलावर ठेवले.

"यात हेच आहे, साहेब. त्यांच्या सैन्यातला नियम. वरचा विचारणार नाही, जवान सांगणार नाही. तोवर नोकरी शाबूत."

मी म्हणालो, मग बरे आहे की.

"मलाही आधी बरं वाटलं होतं. नियम करावा लागला, म्हणजे माणसं असणारच, एवढंच पहिल्यांदा वाचताना डोक्यात आलं. बरीच असणार. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा दुसरं कळलं." त्याने पान माझ्याकडे सरकवले. "विचारत नाही त्याचं काही जात नाही. आपल्याला मात्र रोज सांभाळावं लागतं. आणि ज्याला कळतं तो आपला मालक होतो. आता मामा आहे. त्याच्यानंतर तुम्ही."

मी मालक नाही, असे मी म्हणालो असतो तर त्याने विश्वास ठेवला नसता. मी त्याला व्हरांड्यातल्या बाईबद्दल सांगितले. त्याने ऐकून घेतले. आपली आई गावाला आहे, ती माळकरी आहे, कोर्टातली बातमी सिन्नरच्या एसटीने तिच्यापर्यंत पोचेल, असे तो म्हणाला. येतो की नाही, हे सांगितले नाही. पान त्याने माझ्याकडेच ठेवले.

बाहेरच्या खोलीत बाई होत्या. दार पातळ होते. त्यांनी ऐकले असावे.

तारखेच्या आदल्या दिवशी वाचनालयावर पाटी होती, पुस्तकांची आवराआवर चालू असल्याने आज बंद. मी आत गेलो. जमिनीवर पुस्तकांचे ढीग होते आणि बाई मध्ये बसून एकेक पुस्तक उघडत होत्या. एकतिसावे पान, पेन्सिलीने त्रिकोण. मिटायचे, पुढचे. पाककृती, अध्यात्म, बालकथा, चरित्रे, काही सुटत नव्हते. सगळीकडे असलेली खूण कुठल्याच एका पुस्तकाकडे बोट दाखवत नाही.

मी दारात उभा राहिलो. त्यांनी वर पाहिले.

"पुस्तकं माझी आहेत. हरकत आहे?"

पुस्तकांबाबत कुठलाही गुन्हा दाखल नव्हता. ती मुद्देमाल नव्हती. मालकाने स्वतःच्या वस्तूवर पेन्सिल चालवू नये असे कलम मला ठाऊक नाही. मी नाही म्हणालो आणि निघालो. बरोबर आलेला हवालदार म्हणाला, साहेब, तुम्ही व्हा पुढे, मी जरा या बाजूला गस्त घालून येतो. दुसऱ्या दिवशी कोर्टात त्याने मला सलाम केला, तेव्हा त्याची बोटे शिसाने काळी झालेली होती. मी विचारले नाही.

सरकारी वकिलांना मी एवढेच सांगून ठेवले होते की साक्षीदाराच्या वाचनाचा विषय निघाला, तर ती माहिती कुठून मिळाली ते त्यांनी विचारावे. फिटर येईल याची मला खात्री नव्हती. पुकारा झाला. एकदा झाला, कोणी उठले नाही. मयताची बायको दाराकडे बघत होती. दुसऱ्या पुकाऱ्याला तो आत आला. कंपनीच्या गणवेशात होता.

सरतपासणीत त्याने मूळ जबाबातले सगळे सांगितले. सूर्याचा विषय त्याने काढला नाही. मग आरोपीचे वकील उठले. अंतर, वेग, काचेचा रंग, सगळे विचारून झाले. मागच्या बाकावर मामा पुढे सरकून बसला.

"वाचनाची आवड आहे म्हणे तुम्हाला," वकील म्हणाले.

"आहे."

"कसली पुस्तकं वाचता?"

फिटरने कठड्याची कड धरली. न्यायाधीशांनी या प्रश्नाचा घटनेशी संबंध काय, असे विचारले. साक्षीदाराचे चारित्र्य, असे वकील म्हणाले. सरकारी वकील अर्धे उठले होते. फिटरची नजर मागे गेली. शेवटच्या बाकावर बाई कापडी पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पिशवीत पुस्तके होती. आदल्या दिवशी काय केले ते त्यांनी त्याला सांगितले असावे.

"सगळी वाचतो," तो म्हणाला. "वाचलं की एकतिसाव्या पानावर त्रिकोण करतो. त्या वाचनालयातलं कुठलंही पुस्तक उघडून बघा. आणि इंग्रजी विचारत असाल, तर तीही मीच वाचली आहेत."

सरकारी वकील उभे राहिले. आपल्या विद्वान मित्रांना ही माहिती कोणी पुरवली, हे रेकॉर्डवर यावे, असे त्यांनी म्हटले. आरोपीच्या वकिलांनी मागे मामाकडे पाहिले. मामा उठून बाहेर जात होता. वकिलांनी प्रश्न मागे घेतला.

"गाडी कोण चालवत होतं?" शेवटी त्यांनीच विचारले, आवाज चढवून.

फिटरने हात केला. "ते. पांढऱ्या शर्टातले."

आरोपीला शिक्षा झाली. ती पुरेशी होती की नाही, हा वेगळा विषय. मयताची बायको निकालाच्या दिवशी ठाण्यात आली, व्हरांड्यात नेहमीच्या जागी थोडा वेळ बसली आणि गावी गेली. बाईंनी त्रिकोणांनी झाकून दिलेला माणूस त्या आडोशाला थांबला नाही, हे मला पुढे बरेच दिवस पुरले. कारखान्यात कुजबुज झाली. आमच्याकडे एक निनावी अर्जही आला. त्याच्याविरुद्ध या ठाण्यात कोणतीही नोंद नाही, असे मी उत्तर पाठवले. ते खरे होते. आईला काय कळले, तिने काय केले, मला माहीत नाही. तो सिन्नरला जातयेत असे, एवढे हवालदाराने सांगितले होते.

या प्रकरणाने मला काय शिकवले? पोलीस खात्यात आम्ही न विचारण्याला मोठेपणा समजतो. मी विचारले नाही, म्हणजे मी उपकार केले. त्या खोलीत मीही तेच केले होते. न विचारणाऱ्याला खर्च येत नाही. ओझे दुसऱ्याच माणसावर राहते, आणि साक्षीदार बोलत नाही तेव्हा तो खोटारडा आहे असे ठरवण्याआधी ते ओझे पाहावे लागते. परदेशातला तो नियम पुढे रद्द झाल्याचे मी वर्तमानपत्रात वाचले. आपल्याकडचे कलमही नंतर गेले. तोवर मी निवृत्त झालो होतो.

ते फाडलेले पान मी निकालानंतर बाईंना नेऊन दिले होते. काही महिन्यांनी घरी आलो, तर दिवाणखान्यात टीपॉयवर खाकी कव्हरातले एक पुस्तक दिसले. मी ते उघडले. सत्ताविसाव्या पानावर आकड्याभोवती पेन्सिलीचा गोल होता.

पत्नी स्वयंपाकघरात होती. पुस्तक जिथे होते तिथे ठेवून मी गप्प बसलो असतो. इतकी वर्षे तसेच चालले होते. या वेळी मात्र मी विचारले, कसे वाटले पुस्तक.

"मलाच काय विचारता, वाचून बघा," ती आतून म्हणाली. "एकतिसावं पान जरा जपून उलटा. खळीनं चिकटवलंय."